जवाहरनगरला आपण काय देतो?

२४ जानेवारी २०२५ हा शुक्रवार होता. प्रजासत्ताक दिन दोन दिवसांवर आला होता आणि आमच्या शाळेच्या मैदानावर कवायतीची तालीम चालू होती. साडेदहा-अकराच्या सुमारास शिक्षकांचे फोन वाजायला लागले. आधी एकाचा, मग दुसऱ्याचा. ‘जवाहरनगरला मोठा स्फोट झालाय’ एवढंच सगळे सांगत होते. आम्ही तालीम थांबवली नाही, कारण मुलांना काय सांगायचं हेच आम्हाला कळत नव्हतं. पण भंडाऱ्यात अशी बातमी मुलांपासून लपत नाही. सातवीतला एक मुलगा रांग सोडून माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, फोन द्या ना. अब्बूंची आज पहिली पाळी आहे.”

मी फोन दिला. उचलला गेला नाही. त्याने पुन्हा लावला. कारखान्यात आत जाताना मोबाईल गेटवरच ठेवावा लागतो, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तरी तो लावत राहिला. दुपारी उशिरा त्याचे अब्बू सुखरूप असल्याचं कळलं. ते दुसऱ्या विभागात होते. आठ घरांत मात्र उलटा निरोप गेला. कारखान्याच्या एलटीपीई विभागात झालेल्या त्या स्फोटाने छत कोसळलं आणि आठ कामगार गेले. त्यांतला एक तर जेमतेम विशीतला होता.

त्या दिवशी जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत दुआ झाली. मरण पावलेले कोणत्या धर्माचे आहेत, याची यादी तोवर कोणाकडे नव्हती आणि कोणी मागितलीही नाही. त्या दुआनंतर बाहेर चपला शोधताना मनात आलेला एक विचार मला आज मांडायचा आहे. हा कारखाना देशासाठी काय करतो ते आपण अभिमानाने सांगतो. पण हे शहर आणि आजूबाजूची गावं त्या कारखान्यासाठी काय करतात, ते कोणी मोजलं आहे का? आणि त्याच्या बदल्यात त्यांना काय मिळायला हवं?

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. नागपूरहून रायपूरच्या महामार्गाने निघालात, की भंडारा शहर येण्याआधी जवाहरनगर लागतं. तिथे आयुध निर्माणी आहे. आम्ही तिला नुसतं ‘फॅक्टरी’ म्हणतो. १९६२ च्या चीन युद्धानंतर देशाला दारूगोळ्याची टंचाई किती महाग पडू शकते हे कळलं आणि साठच्या दशकात हा कारखाना उभा राहिला. बंदुकीची गोळी किंवा तोफेचा गोळा नळीतून वेगाने बाहेर फेकण्यासाठी जी बारूद जळावी लागते, ती इथे बनते. स्फोटकंही बनतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातल्या ४१ आयुध निर्माणी सात सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या. आमची निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली.

ज्या शहराशेजारी हवाई दलाचा तळ असतो, तिथल्या लोकांना निदान विमान तरी दिसतं. पुण्यात लोहगावला, नाशिकजवळ ओझरला, नागपुरात सोनेगावला पोरं आवाज ऐकून वर बघतात आणि हात हलवतात. आमच्याकडे बघायला काही नाही. झाडी, कुंपणाची भिंत, पहारा आणि पाळी बदलताना गेटवर होणारी सायकली-मोटारसायकलींची गर्दी. पण लढणाऱ्या माणसाच्या मागे किती माणसं उभी असतात, हे समजायला जवाहरनगरच्या गेटवर अर्धा तास उभं राहणं पुरेसं आहे. नागपुरात हवाई दलाच्या ज्या कमांडचं मुख्यालय आहे, तिचं नावच मेंटेनन्स कमांड आहे. दुरुस्ती, देखभाल, साठा, पुरवठा हेच तिचं काम. विमान उडतं ते वैमानिकामुळे, आणि ते उडण्याजोगं राहतं ते अशा माणसांमुळे.

या साखळीची शेवटची कडी कुंपणाच्या बाहेर आहे. ठाणा पेट्रोल पंपावर, शहापुरात, परसोडीत, भंडारा शहरात. वसाहतीत क्वार्टर न मिळालेल्यांना भाड्याने खोली देणारा घरमालक. पहाटेच्या पाळीआधी चहा उकळणारा टपरीवाला. रात्री गाडी पंक्चर झालेल्या कामगारासाठी शटर अर्धं वर करणारा पोरगा. आमच्या समाजाचे किती तरी लोक याच धंद्यांत आहेत: गॅरेज, वेल्डिंग, शिवणकाम, बेकरी, मटणाचं दुकान, भाजीचा ठेला. माझ्या वालिदांचं शिवणकामाचं दुकान होतं. पगार झाला की पुढचे चार दिवस ते रात्री उशिरापर्यंत मशीनवर बसत. दिवाळीला फॅक्टरीत बोनस झाला, की आमच्या घरी ईदचे कपडे यायचे. लहानपणी मला हे इतकं साधं वाटायचं, की दुसऱ्या गावात असं नसतं हे कळायला मला बी.एड.साठी बाहेर जावं लागलं.

या नात्यात दोन्ही बाजूंना फायदा आहे, हे मी नाकारत नाही. फॅक्टरी नसती तर भंडारा पितळेच्या भांड्यांच्या जुन्या नावावर किती वर्षं जगला असता, हा प्रश्नच आहे. वसाहतीतल्या केंद्रीय विद्यालयातून शिकलेली मुलं आज कुठे कुठे पोहोचली आहेत. पण फायद्याबरोबर धोकाही याच शहराच्या आणि गावांच्या वाट्याला येतो, आणि त्याचा हिशेब कुठेच मांडला जात नाही. आदल्याच वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये, याच कारखान्यात स्फोट होऊन एक कामगार गेला होता. विदर्भात हे नवीन नाही. मे २०१६ च्या शेवटच्या दिवशी पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, तेव्हा गेलेल्यांत दोन लष्करी अधिकारी होते आणि बाकीचे बहुतेक आग विझवायला धावलेले अग्निशमन कर्मचारी. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळ बाजारगावच्या खासगी स्फोटक कारखान्यात नऊ कामगार गेले. त्यांत सहा महिला होत्या.

आता मी माझ्या दुखऱ्या जागेकडे येतो.

मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, एका लग्नात जुन्या ओळखीचे एक गृहस्थ भेटले. हसत हसतच म्हणाले, “काय सर, तुमचे लोक काय म्हणतात?” पहलगामला झालेल्या हत्यांनी माझ्याही पोटात कालवाकालव झाली होती. त्या दिवशी घरी कोणी नीट जेवलं नव्हतं. हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण सांगितलं असतं तर ते दिलेलं प्रमाणपत्र ठरलं असतं. मी म्हणालो, “आमचे लोक भाव वाढल्याबद्दल बोलतात, साहेब. तुमचे?” ते पुन्हा हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र झोप लागली नाही.

शेजारचे चाचा त्याच फॅक्टरीतून निवृत्त झाले आहेत. तीस वर्षांहून जास्त नोकरी. त्यांना हा प्रसंग सांगितला तेव्हा ते म्हणाले, “बेटा, आमच्या इमारतीत शिरताना पायातले जोडे बदलायचे, खिशातली काडीपेटी काढून ठेवायची. एकाच्या हातून चूक झाली तर सगळे जाणार. तिथे कोणी कोणाला असा प्रश्न विचारला नाही. विचारायला वेळच नव्हता.”

देश टिकवण्याचं काम कोण करतं, हे खरं तर अशा ठिकाणी कळतं. आपल्याकडे आठवण काढायची झाली की हवालदार अब्दुल हमीद यांचं नाव घेतात. १९६५ मध्ये त्यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने रणगाडे उडवले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवलं. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ १९७८ ते १९८१ या काळात हवाई दलाचे प्रमुख होते आणि पुढे आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. ही नावं मीही वर्गात सांगतो. पण दर वेळी परमवीरांचं नाव पुढे करून आपण आपली बाजू मांडायला लागलो, की साध्या माणसाची निष्ठा अपुरी आहे असं आपणच कबूल करतो. चाचांना कुठलंही चक्र मिळालेलं नाही. त्यांना पेन्शन मिळते आणि एका कानाने कमी ऐकू येतं. माझ्या मते एवढी नोंद पुरे आहे.

आता दोन शब्द आपल्याच लोकांशी. “आपल्याला तिथे कोण घेतं?” हे वाक्य मी दर वर्षी दहावीच्या पालकसभेत ऐकतो. भेदभाव होत नाही असं मी म्हणणार नाही. पण ज्या भरतीची जाहिरात आपण वाचलीच नाही, तिथे आपल्याला नाकारलं कोणी? आयुध निर्माणींमध्ये ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ हा ट्रेड शिकलेल्या शिकाऊ उमेदवारांना मागणी असते. आयटीआयच्या या ट्रेडचं नाव माझ्या उर्दू माध्यमाच्या वर्गात तीन वर्षांपूर्वीपर्यंत एकाही मुलाने ऐकलेलं नव्हतं. गणित आणि विज्ञान कच्चं ठेवायचं, मराठी अर्ज भरता येईल एवढीही शिकायची नाही, आणि मग दरवाजा बंद आहे म्हणायचं, हे बरोबर नाही. मी मराठी शिकवतो तेव्हा काही पालक विचारतात, “एवढी मराठी कशाला, सर?” गेटवरची सूचना वाचता यावी म्हणून. आपल्या हक्काचं पत्र स्वतः लिहिता यावं म्हणून.

आणि दोन शब्द सरकारशी. या कारखान्यांत एका पदाचं नावच ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ आहे. धोक्याच्या इमारतीत काम करणारा माणूस. अलीकडे ही पदं ठराविक मुदतीच्या करारावर भरली जातात. वर्ष-दोन वर्षं, फार तर आणखी थोडी मुदतवाढ. धोका कायमचा आणि नोकरी मुदतीची, हा न्याय कुठला? बारूद हाताळण्याचं शहाणपण पुस्तकातून कमी आणि जुन्या हातांच्या शेजारी उभं राहून जास्त येतं. चाचा सांगतात, त्यांच्या उस्तादाने पहिले सहा महिने त्यांना नुसतं बघायला लावलं होतं. मुदत संपली म्हणून शिकलेला हात घरी पाठवायचा आणि नवा आणायचा, यात पैसे वाचत असतील, सुरक्षा वाढत नाही.

दुसरी गोष्ट गावांची. संरक्षण आस्थापनांभोवती घर बांधण्यावर १९०३ च्या कायद्याने निर्बंध आणता येतात. म्हणजे जवळ राहण्यात धोका आहे हे सरकारला सव्वाशे वर्षांपासून मान्य आहे. मग गावकऱ्याला भोंग्याचा अर्थ कोणी शिकवायचा? कोणत्या आवाजाला घरात थांबायचं, कोणत्या आवाजाला कोणत्या दिशेने निघायचं, जनावरांचं काय करायचं? माझ्या शाळेत आगीचा सराव कधीतरी होतो, असा सराव आजवर झालेला नाही. गुपित राखावं लागतं हे मला मान्य आहे. कोणता गोळा कुठे बनतो हे मला नको. पण अपघात का झाला आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, हे सोप्या मराठीत गावच्या फलकावर लावायला हवं. त्याने शत्रूला काही कळत नाही, पण आठ घरांना थोडं उत्तर मिळतं.

भाषेचा शिक्षक आहे म्हणून शेवटी एक शब्दाची गोष्ट. ‘दारू’ हा शब्द फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ औषध. उर्दूत आजही ‘दवा-दारू’ म्हणतात. मराठीत मात्र ती प्यायची दारू झाली आणि ‘दारूगोळ्या’तली बारूदही झाली. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. दुसरा शब्द ‘हिफाजत’. मराठीत आपण देशाचं संरक्षण म्हणतो आणि कामगाराची सुरक्षा म्हणतो. दोन शब्द, दोन खाती, दोन फाइली. उर्दूत दोन्हींना ‘हिफाजत’ हा एकच शब्द चालतो. मला वाटतं, जवाहरनगरसाठी तोच शब्द योग्य आहे. तिथे बारूद बनवणारा माणूस देशाची हिफाजत करतो, तर त्याची आणि त्याच्या शेजाऱ्यांची हिफाजत करणं हाही देशाच्या संरक्षणाचाच भाग आहे.

त्या वर्षीच्या २६ जानेवारीला झेंडावंदनाआधी आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. सातवीतला तो मुलगा पहिल्या रांगेत होता. त्याचे अब्बू मागे पालकांमध्ये होते, कारखान्याचं ओळखपत्र अजून गळ्यातच. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला सलाम केला आणि म्हणाले, “सर, निघतो. दुसरी पाळी आहे.”