भग्न बुद्ध भग्नच राहू द्या, पुरावा सिमेंटने बुजवू नका



कारंजा (घाडगे) येथे आमच्या बैठकीत मध्यंतरी एका मोबाईलवरून दुसऱ्या मोबाईलवर एक फोटो फिरला. कुण्या संग्राहकाकडचे दगडी बुद्धशिर. आधीच्या फोटोत नाक तुटलेले, ओठ झिजलेले, एक कान अर्धा गेलेला. नंतरच्या फोटोत नाक सरळ, ओठांवर हसू, दोन्ही कान लांब आणि वरून पॉलिश. खाली 'साधु, साधु, साधु' म्हणणाऱ्यांची रांग. आमच्यातलाच एक जण म्हणाला, 'आपल्या भागातही वावरात, नदीकाठी असे दगड निघतात. वर्गणी काढू, कारागीर आणू, आपणही पुरे करू.' बहुतेकांनी माना डोलावल्या.

त्या रात्री आम्ही बराच वेळ वाद घातला. भावना खोटी नव्हती. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तुटलेले भोगले, त्याला तुटलेला बुद्ध बघवत नाही. तरीही आम्ही ठरवले ते उलट: प्राचीन भग्न दगड संग्राहकाने पुरा करू नये आणि आपण तर मुळीच करू नये. का, ते सविस्तर मांडतो.

पहिला प्रश्न स्वतःलाच विचारू. तुटलेली मूर्ती आपल्याला खुपते का? 'खंडित मूर्ती घरात ठेवू नये, ती नदीत सोडावी' हे आपण कुणाकडून शिकलो? ज्या परंपरेत मूर्तीत प्राण घातला जातो, तिथे मूर्ती भंगली की प्राण गेला आणि पूजा बंद झाली असे मानतात. आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ही परंपरा सोडली. बुद्ध आपल्यासाठी अवतार नाही आणि दगडात आपण प्राण घातलेला नाही. मग नाक तुटल्याने कोणता प्राण जाणार? बुद्धाच्या शिल्पांच्या सुरुवातीच्या काळात तर त्याला माणसाच्या रूपात दाखवतच नव्हते. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पावलांचे ठसे यांतून तो ओळखला जाई. आपल्या विदर्भातले पवनी त्याच काळातले. १९६९-७० मध्ये तिथे उत्खनन झाले आणि स्तूपाचे अवशेष, कठड्याचे खांब, त्यांवर दान देणाऱ्यांच्या नावांची ब्राह्मी अक्षरे असा ठेवा हाती आला. चेहरा नसलेला बुद्ध त्या उपासकांना चालत होता. मग नाक नसलेला बुद्ध आपल्याला का चालू नये?

दुसरा मुद्दा पुराव्याचा, आणि तो आपल्या चळवळीसाठी जीवनमरणाचा आहे. या देशात बौद्ध वास्तूंवर दुसरी नावे किती सहज चढली ते आठवा. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. लेण्याद्रीला बौद्ध विहारात गणपती बसला आहे. या दाव्यांना आपण कशाने उत्तर देतो? आवाज चढवून नव्हे. दगडावर कोरलेली अक्षरे, विहाराची रचना आणि मूर्तीची लक्षणे दाखवून देतो. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी वाचली तेव्हा दगड बोलू लागले, कारण त्यांवरची अक्षरे शाबूत होती. 'साफसफाई' म्हणून कुणी ती तासली असती तर?

तामिळनाडूत सेलमजवळ तलैवेट्टी मुनियप्पन नावाचे देवस्थान आहे. या नावातच शिर तुटल्याची आठवण आहे. ही मूर्ती बुद्धाची आहे, असा दावा न्यायालयात गेला. मद्रास उच्च न्यायालयाने पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून तपासणी करवून घेतली. त्यांना कुरळे केस, उष्णीष, लांब कानाच्या पाळ्या आणि ध्यानमुद्रा आढळली. डोके धडापासून वेगळे होऊन नंतर सिमेंटने जोडल्याचेही दिसले. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने ती मूर्ती बुद्धाची असल्याचे मान्य केले. हा निकाल मूळ दगडावरच्या खुणांमुळे मिळाला. कुणा भाविकाने 'डागडुजी' म्हणून केस नव्याने कोरले असते, कान छाटून सारखे केले असते, तर न्यायालयासमोर आपण काय ठेवले असते?

हाच नियम आपल्यालाही लागू होतो. आपण नवे नाक बसवले, नवे उष्णीष चढवले, की उद्या समोरचा वकील विचारेल, 'यातले जुने किती आणि तुमचे किती?' त्या दिवशी आपलाच पुरावा आपल्याच हाताने बाद झालेला असेल. आणि जिथे मूर्ती मुद्दाम फोडलेली असते, तिथे घावाची जागा हीच साक्ष असते. छिन्नीचा घाव, पडून झालेला भंग आणि पाण्याने झालेली झीज जाणत्या डोळ्याला वेगवेगळी दिसते. तो घाव बुजवणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड बंद करणे.

तिसरा मुद्दा: हरवलेला भाग कसा होता, हे आपल्याला ठाऊक असते का? रोममध्ये १५०६ साली लाओकून नावाचे प्रसिद्ध शिल्प सापडले. उजवा हात नव्हता. त्या काळच्या शिल्पकारांनी तो वर ताणलेला असणार असे ठरवले आणि तसा हात बसवला. १९०६ मध्ये एका अभ्यासकाला मूळ हात सापडला. तो कोपरात वाकून डोक्यामागे गेलेला होता! जगाने शेकडो वर्षे चुकीचा हात पाहिला. बुद्धमूर्तीत तर हात म्हणजे अर्थ. अभयमुद्रा, भूमिस्पर्श आणि धम्मचक्र प्रवर्तन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुटलेल्या मनगटावर आपल्या आवडीचा हात बसवला तर प्रसंगच बदलतो.

आणखी एक कटू गोष्ट सांगतो. पद्मासनात बसलेले प्रत्येक भग्न शिल्प बुद्धाचे नसते. ते जैन तीर्थंकराचेही असू शकते. छातीवरचे श्रीवत्स, चीवराची रेषा, आसनावरचे चिन्ह यांवरून ते ठरवावे लागते. भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी आहेत आणि जैनांचे मोठे तीर्थही आहे. आपल्या भागात दोन्ही श्रमण परंपरा नांदल्या. घाईने चीवर कोरून तीर्थंकराचा बुद्ध केला, तर आपल्यावर झालेला अन्यायच आपण दुसऱ्यावर केला असे होईल.

आता एक आक्षेप, आमच्याच बैठकीतला आणि वजनदार. 'बाबासाहेबांनी इतिहासातल्या रिकाम्या जागा भरल्या नाहीत का?' भरल्या. अस्पृश्य मूळचे कोण, यावरील १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच ते सांगितले आहे. पुराव्याची साखळी तुटते तिथे कल्पनाशक्तीने दुवा जोडावा लागतो, असे म्हणताना त्यांनी फुटक्या दगडांवरून अख्खे नगर उभे करणाऱ्या पुरातत्त्वज्ञाचाच दाखला दिला आहे. पण बाबासाहेबांनी हे कुठे केले आणि कसे केले? कागदावर केले. तर्क कुठे सुरू होतो ते उघड सांगून केले. मूळ साधनांना हात लावला नाही, म्हणून त्यांचा सिद्धान्त आज कुणीही तपासू शकतो. आपणही तेच करू. भग्न मूर्ती चित्रात पुरी करू, साच्यातल्या प्रतिकृतीत करू, संगणकावरच्या त्रिमितीय नमुन्यात करू आणि खाली लिहू की हा आमचा तर्क आहे. दगड मात्र जसा आहे तसा राहील. १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही जगभरच्या जतनकर्त्यांना हेच बजावले आहे: तर्काला सुरुवात झाली की जीर्णोद्धार थांबला पाहिजे.

चौथी गोष्ट निव्वळ व्यवहाराची. सिमेंट दगडाचा मित्र नाही. त्यात क्षार असतात आणि जुन्या झिजल्या दगडापेक्षा ते कठीण व कोंदट असते. ओल आत अडकते, क्षारांचे स्फटिक होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आतून लोखंडी सळई घातली तर ती गंजून फुगते आणि दगड चिरते. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केलेल्या दुरुस्तीत असेच लोखंड वापरले होते. त्याने संगमरवर फुटला आणि पुढच्या पिढीला ते काढून टायटॅनियम घालावे लागले. तिथे नामांकित अभियंते होते. आपल्याकडे येणारा कारागीर एकटा असतो आणि त्याला दोन दिवसांत काम संपवायचे असते. ऑइलपेंट, आम्ल आणि तारेचा ब्रश तर पवनीसारख्या ठिकाणची उथळ ब्राह्मी अक्षरे कायमची पुसतील.

याचा अर्थ दगड उघड्यावर मरू द्यावा असा नाही. जतन वेगळे आणि 'पुरे करणे' वेगळे. तडा वाढू नये म्हणून आधार देणे, पाण्यापासून आडोसा करणे, मूळचेच दोन तुकडे सापडले आणि ते एकमेकांत बसत असतील तर तज्ज्ञाकडून, पुन्हा सोडवता येईल अशा पदार्थाने जोडून घेणे हे सारे जतन आहे. नवा दगड, नवे नाक, नवे हसू ही मात्र भेसळ आहे.

भेसळीत फायदा कुणाचा, तेही पाहू. इंग्रजीत जिल्हाधिकाऱ्यालाही कलेक्टर म्हणतात आणि जुन्या वस्तू जमवणाऱ्यालाही. कायद्याने दगड आधी पहिल्या कलेक्टरला कळायला हवा, पण पोहोचतो दुसऱ्याकडे. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या दगडी शिल्पाची नोंदणी करावी लागते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तरीही धंदा चालतो. सुबक चेहऱ्याला भाव जास्त, म्हणून नाक बसते. धड जड आणि शिर हलके, म्हणून शिर कापले जाते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००७ मध्ये मथुरा शैलीची कुषाणकालीन बुद्धमूर्ती विकत घेतली होती. तिचा खरा मागमूस उघड झाल्यावर २०१६ मध्ये ती भारताला परत आली. मूर्ती आली, पण ती नेमक्या कोणत्या गावच्या कोणत्या विहारातली, हे कोण सांगणार? गाव तुटले की शिल्प अनाथ होते. नवे नाक आधी हेच झाकते.

'सरकारला दिले तर गोदामात धूळ खाईल,' असेही आमचे काही साथी म्हणतात. ही भीती निराधार नाही. पण उत्तर लपवाछपवीत नाही, लेखी नोंदीत आणि पाठपुराव्यात आहे. संग्राहक कसा असावा हे तेरने दाखवले आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावातले अवशेष जमवले आणि आज त्याच गावात त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. आपल्या चळवळीनेही मनसरला दाखवले. भदन्त सुरेई ससाई यांच्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेने पुरातत्त्वज्ञांना सोबत घेऊन तिथे शास्त्रीय उत्खनन केले. आणि आपल्याच जिल्ह्यातले पवनार पाहा. तिथे सापडलेल्या शिल्पांत काही अभ्यासकांना रामकथा दिसली, काहींना कृष्णकथा. हा वाद आजही घालता येतो, कारण दगड तासून कुणी एकच कथा पक्की केली नाही.

म्हणून कारंज्यातल्या आम्ही मंडळींनी स्वतःपुरते काही नियम केले आहेत. दगड दिसला की हलवायचा नाही. चारही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो, जागेची नोंद, शेतमालकाशी बोलणे. मग तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला अर्ज आणि त्याची पोच. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार. सुटे तुकडे कितीही लहान असले तरी त्यांची नोंद करायची, फेकायचे नाहीत. सिमेंट, रंग, शेंदूर, तेल काही लावायचे नाही आणि दुसऱ्याला लावू द्यायचे नाही. वंदनेसाठी विहारात नवी मूर्ती आहेच. ती पूर्ण असू दे, सुंदर असू दे. भग्न मूर्तीसाठी वेगळा कट्टा मागू आणि तिच्याशेजारी पाटी लावू: कुठे सापडली, काय तुटले आहे, आपल्याला काय माहीत आहे.

फोटो दाखवणाऱ्या त्या साथीने शेवटी विचारले, 'मग वर्गणीचे काय करायचे?' आम्ही म्हणालो, कॅमेरा, मोजपट्टी आणि ब्राह्मी शिकवणारा माणूस आण. नाक बसवण्यापेक्षा अक्षर वाचता येणे जास्त महाग पडेल, पण ते कुणी तोडू शकणार नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.