पंधरा वर्षांचे पितर

नऊ सप्टेंबर ही तारीख आपल्याकडे कधी श्रावण सरता सरता येते, कधी आरत्यांच्या गजरात, तर कधी पितृपंधरवड्यात. त्या दिवशी नंदुरबारला हुतात्मा शिरीषकुमार मेहता यांच्या स्मारकावर फुले वाहिली जातात. उर्वरित महाराष्ट्राला हे नाव शाळेच्या पुस्तकापुरतेच आठवते.

१९४२ च्या ८ ऑगस्टला गोवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच धरपकड सुरू झाली. गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये, नेहरू-आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात. वडीलधारे असे गजाआड गेले आणि झेंडा पोरांच्या हाती आला. बरोबर महिन्याने खानदेशातल्या या व्यापारी गावात मुलांची मिरवणूक निघाली. गुजराती मुलखाला लागून असलेले गाव, त्यामुळे घोषणाही गुजरातीत. पोलिसांनी मुलींवर बंदूक रोखली तेव्हा शिरीषकुमार आडवा आला, मारायचे तर मला मार म्हणाला, अशी आठवण सांगतात. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा हेही त्या गोळीबारात गेले. शिरीषकुमारचे सोळावे अजून सरायचे होते.

शस्त्राने मेलेल्यांसाठी आपल्या परंपरेने पितृपक्षातली एक तिथी राखून ठेवली आहे, घातचतुर्दशी. पण श्राद्ध घालायचे ते मुलाने, आणि मिसरूडही न फुटलेल्या पोराने मागे मूल कुठून ठेवावे? म्हणूनच त्याचे पान वाढणे आपल्याकडे येते, आणि ते केवळ हार घालून वाढता येत नाही.

शिरीषकुमारला वंदन करणे तसे सोपे आहे, कारण सरकार परके होते. पण २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळ्या सुटल्या त्या आपल्याच राज्यात, आपल्याच पोलिसांच्या. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसे गेली, त्यानंतर तो हुतात्मा चौक झाला. आजही तरुण रस्त्यावर उतरले की आपण आधी विचारतो ते हेच, की यांना चिथावले कोणी? इंग्रज सरकारलाही हाच प्रश्न पडला होता. बेचाळीसच्या उठावाचा ठपका काँग्रेसवर ठेवणारे पुस्तकच त्याने १९४३ साली छापले. पोरांना स्वतःचे मन असेल, ही शंका सत्तेला सहसा येत नाही, आणि खरे सांगायचे तर घरातल्या मोठ्यांनाही येत नाही.

२८ डिसेंबर २०२६ ला शिरीषकुमारच्या जन्माला शंभर वर्षे होतात. समित्या नेमल्या जातील, भाषणे होतील. त्यातच एक तास मुलांसाठी राखून ठेवावा. त्यांना रांगेत उभे न करता विचारू द्यावे, की गोळीबाराचा हुकूम कोणी दिला, त्याचा जाब कोणी कोणाला विचारला, आणि आज तसा हुकूम द्यायचा अधिकार कोणाकडे आहे. उत्तरे देताना आपली तारांबळ उडेल. उडू द्यावी.