निविदेच्या आधी माती

येत्या जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेत एक विषय असा आहे की तो वाचून बऱ्याच कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. जिल्हा परिषदेने रस्त्यांच्या कामांसाठी बाहेरचा निविदा सल्लागार नेमावा की नाही, आणि नेमायचाच झाला तर आपण काय मागायचे, हा तो विषय. एकाने आम्हाला सरळ विचारले, "कापसाचा भाव सोडून हे काय काढलंत?" दुसरा म्हणाला, रस्त्याच्या पैशाला खाणारी तोंडे आधीच काय कमी आहेत, म्हणून हे आणखी एक बोलावताय?

पहिल्याला उत्तर सोपे आहे. ही कापसाच्या भावाचीच गोष्ट आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. तो केंद्रावर मिळतो, बांधावर नाही. मधली वाट चिखलाची असली की खेडा खरेदीवाला दारात येतो आणि "गाडी आत येत नाही" म्हणून भाव तोडतो. क्विंटलला २०० रुपये जरी तोडले, तरी २० क्विंटलवाल्याचे ४,००० रुपये गेले. काट्यात गेले ते वेगळेच. या पैशाची पावती नसते आणि कुठल्याही अंदाजपत्रकात तो दिसत नाही. इंग्रजाला हे बरोबर कळत होते. १८७० साली त्याने खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा नेला आणि उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. त्याला काळजी विलायतेतल्या गिरण्यांची होती, आपली नव्हे. पण कापूस जिथे निघतो तिथवर वाट न्यावी लागते, एवढे गणित त्याला येत होते.

दुसऱ्याला उत्तर द्यायचे तर आधी हा सल्लागार करतो काय ते पाहावे लागेल. तो रस्ता बांधत नाही, खडीला हातही लावत नाही. कोणती कामे एकत्र करून एक निविदा काढायची, निविदेचे कागद कसे लिहायचे, ठेकेदाराच्या पात्रतेच्या अटी काय ठेवायच्या, आलेल्या दरांची छाननी कशी करायची, करारनाम्यात देखभालीची जबाबदारी कोणावर किती वर्षे टाकायची, हे सारे तो ठरवायला मदत करतो. कर्जाच्या पैशातून होणाऱ्या कामांत अशी बाहेरची माणसे घेण्याची रीतच आहे. २०१९ साली राज्यातल्या ग्रामीण रस्त्यांसाठी आशियाई विकास बँकेशी २० कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला, ३४ जिल्ह्यांतल्या सुमारे २,१०० किलोमीटर रस्त्यांसाठी. एवढ्या मोठ्या कामाचे कागद तालुक्याच्या उपअभियंत्याने एकट्याने करावेत ही अपेक्षा धरणेच चूक. शिवाय १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्यापासून त्यांचा स्वतःचा बांधकाम विभाग आहे खरा, पण जागा रिकाम्या आणि एका अभियंत्याकडे दोन टेबले, हे गाऱ्हाणे आपण सगळेच ऐकत आलो.

म्हणून सल्लागाराला आमचा सरसकट विरोध नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. सल्लागार आपल्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. प्रश्नच मुंबईत किंवा जिल्ह्याच्या गावी बसून लिहिला गेला तर उत्तरही तिथलेच येणार.

आपला रस्ता कुठे फुटतो? ठेकेदार डांबर कमी घालतो म्हणून फुटतो, असे आपण सगळे म्हणतो आणि ते पुष्कळदा खरे असते. पण काळ्या पट्ट्यातले कितीतरी रस्ते डांबर पडायच्या आधी, कागदावरच फुटलेले असतात. आम्ही शेतकी महाविद्यालयात शिकलो ते याच मातीबद्दल. भारी काळ्या मातीत चिकणमातीचा भाग निम्म्याच्या आसपास, आणि तीही मॉन्टमोरिलोनाइट जातीची. पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढी भेग पाडते. पीक घेणाऱ्याला हे वरदान. या मातीत मुरलेल्या ओलीवरच रब्बीची ज्वारी उभी राहते. पण जी जमीन शाळूला सर्वांत चांगली, तीच रस्त्याला सर्वांत वाईट. मातीची भार पेलण्याची ताकद मोजायला सीबीआर नावाची चाचणी असते. नमुना चार दिवस पाण्यात भिजवून मग दाबून पाहतात. आपल्या भारी मातीचा आकडा २-३ टक्क्यांवर येतो, चांगल्या मुरमाचा त्याच्या कितीतरी पट. या आकड्यावरून रस्त्याचा थर किती जाड हवा ते ठरते. आता नमुना गावाजवळच्या मुरमाड टेकाडावरून घेतला आणि त्याच जाडीचा रस्ता पुढे तीन किलोमीटर खोल काळ्या रानातून नेला, तर ठेकेदार देवमाणूस असला तरी दुसऱ्या पावसाळ्यात कडा खचणारच.

गाड्यांच्या मोजणीचेही तसेच. ग्रामीण रस्त्यांवरची वाहतूक सुगीत आणि मंदीत अशी दोन्ही वेळा मोजावी, असे भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत आहे. वैशाखात मोजणीला बसलेल्या माणसाला दोन मोटारसायकली आणि एक लग्नाचा टेम्पो दिसतो. दिवाळीनंतर तिथेच कापसाने भरलेल्या ट्रॉल्या एकामागे एक जातात, आणि माघ-फाल्गुनात कडब्याच्या गाड्या. रस्ता कोणासाठी बांधायचा ते त्या मोजणीच्या तारखेवर ठरते.

आणि पाणी. शिवारातला उंच रस्ता हा एक बांधच असतो. वरच्या अंगाचे पाणी जिथून वाहायचे तिथे नळकांडी मोरी ठेवली नाही, तर ते कपाशीत साचते. पाऊस उघडून ऊन पडले की हिरवीगार झाडे माना टाकतात. आपण कृषी सहायकाला बोलावतो, तो आकस्मिक मर म्हणून औषधाची आळवणी सांगतो. रोग रस्त्याच्या नकाशातला आणि खर्च शेतकऱ्याचा! अशी शेते आम्ही दर पावसाळ्यात पाहतो. मोरी कुठे हवी हे त्या शेताच्या मालकिणीने बोट दाखवून सांगितले असते, तिला विचारले कोणी नाही.

विचारायची तरतूद नाही असेही नाही. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या नियमांत, रस्त्याची आखणी ठरवण्याआधी अभियंत्याने सरपंच, तलाठी आणि गावकऱ्यांना घेऊन त्या वाटेने चालत जावे असे आहे. आपल्या भाषेत शिवारफेरी. तीच योजना जमिनीच्या मोबदल्याला पैसे देत नाही. म्हणजे रस्त्यात जाणारी पट्टी शेतकऱ्याने बहुधा राजीखुशीने सोडायची. जमीन फुकट देणाऱ्याला चार पावले बरोबर चालण्याचा मान तरी मिळावा! पण महालेखापालांनी २०१६ च्या अहवालात या योजनेच्या प्रकल्प अहवालांतल्या उणिवांवर बोट ठेवले. ते अहवाल करायलाही अनेक ठिकाणी सल्लागारच होते, हे आपण विसरू नये.

आता सल्लागाराच्या पैशाबद्दल. त्याचा मोबदला ठोक ठरवता येतो, लागलेल्या वेळेप्रमाणे देता येतो, किंवा कामाच्या किमतीवर टक्के ठरवता येतात. टक्केवारी हा शब्द आपल्याकडे आधीच बदनाम आहे, पण इथे तो कायदेशीर अर्थानेही घातक आहे. रस्ता जितका महाग तितका सल्लागाराचा लाभ मोठा, मग अंदाज आवरायची त्याला काय गरज? आम्ही ठोक रकमेच्या बाजूचे आहोत. तीही एकदम देऊ नये. कार्यारंभ आदेश निघाला की सल्लागाराने बिल घेऊन निघून जायचे ही पद्धत आम्हाला मान्य नाही. काही हिस्सा पहिला पावसाळा काढल्यावर द्यावा. त्यावर कोणी म्हणेल, अशा अटीवर चांगला सल्लागार येणारच नाही. येणार नाही तर न येवो. आपणही पेरणीच्या दिवशी पैसे घेत नाही.

पात्रतेच्या अटींकडेही डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल. डांबराचा हॉट मिक्स प्लांट कामापासून अमुक किलोमीटरच्या आतच हवा, ही अट वाचायला निर्मळ वाटते. गरम माल थंड होऊ नये, खरेच आहे. पण तेवढ्या अंतरात जिल्ह्यात एकाचाच प्लांट असला, तर ती अट नसून नाव न लिहिता लिहिलेले नाव आहे. कामे जोडून मोठे पॅकेज केले की लहान ठेकेदार बाहेर पडतो, तोडून तुकडे केले की स्पर्धाच टळते. ही सारी कला सल्लागाराच्या हातात असते. म्हणून त्याच्याकडून लिहून घ्यावे की त्याचा किंवा त्याच्या भावाबंदांच्या कंपनीचा त्या कामात कसलाही हितसंबंध नाही. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांतसुद्धा सल्लागार घेण्याआधी कामाची व्याप्ती स्पष्ट लिहा असे आहे. आपली मागणी एवढीच की ती व्याप्ती मराठीत लिहावी, पंचायत समितीच्या फळ्यावर लावावी, आणि काळ्या रानात प्रत्येक किलोमीटरला मातीचा नमुना, सुगीतली मोजणी व शिवारफेरी या गोष्टी तिच्यात नावानिशी असाव्यात.

एक धोका मात्र मोठा आहे आणि त्यावर बैठकीत मोकळेपणी बोलावे. सल्लागार आला की सहीवाल्याला आडोसा मिळतो. रस्ता उखडला की कार्यकारी अभियंता म्हणणार सल्लागाराने लिहिले, सल्लागार म्हणणार मी फक्त सल्ला दिला. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर बहुतेक जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षे प्रशासक होते. सभागृहात उभे राहून जाब विचारणारा सदस्यच नव्हता, तेव्हा काय झाले ते आपण पाहिले. सल्ला कोणाचाही असो, सही करणाऱ्याची जबाबदारी सहीबरोबर राहिली पाहिजे.

पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा काही दिवस आम्हीही सल्लेच वाटत होतो. तक्त्यात पाहून एकाच मात्रेचे खत साऱ्या गावाला सांगायचो. एका म्हाताऱ्याने आमच्या बुटाखालची माती उचलली, शेजारच्या वावरातली आणली, दोन्ही आमच्या हातावर ठेवल्या आणि काही न बोलता बैलांकडे निघून गेला.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. आपल्या रस्त्यावर पाणी कोणत्या गट नंबरपाशी साचते, किती दिवस, मोरी कुठे हवी, गाडी कोणत्या महिन्यात बंद पडते, एवढेच त्यावर लिहावे. शक्य असेल तर ग्रामसभेचा ठराव जोडावा. कागद तालुकावार जमा होतील. काम सकाळी ११ ला सुरू होईल, भाकरी बांधून आणावी.