विश्लेषण : हौशी धावपटू आणि मॅरेथॉन पात्रतेची दूर सरकणारी रेषा

मुंबई : दर जानेवारीत मुंबईच्या रस्त्यांवर पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्या अनेक हौशी धावपटूंचे स्वप्न एकच असते, ४२.१९५ किलोमीटरचे अंतर तीन तासांच्या आत पार करण्याचे. त्यासाठी प्रत्येक किलोमीटर सुमारे ४ मिनिटे १६ सेकंदांत धावावा लागतो. नोकरी आणि घरसंसार सांभाळून हे साधणे निश्चितच मोठी कामगिरी आहे. मात्र टोकियो येथे २०२५ मध्ये झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेसाठी पुरुषांची थेट पात्रता वेळ २ तास ६ मिनिटे ३० सेकंद होती. या गतीचा धावपटू अंतिम रेषा ओलांडतो, तेव्हा तीन तासांची शर्यत धावणाऱ्यापुढे आणखी साडेबारा किलोमीटर शिल्लक असतात.

हौशी धावपटू कठोर परिश्रमाने आंतरराष्ट्रीय पात्रता गाठू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर या अंतरात दडलेले आहे. येथे 'पात्रता' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करणे आवश्यक ठरते. बोस्टन मॅरेथॉनच्या २०२६ च्या आवृत्तीसाठी १८ ते ३४ वयोगटातील पुरुषांना २ तास ५५ मिनिटांची वेळ ठरवून देण्यात आली होती. हा निकष हौशी धावपटूंसाठीच आहे. ऑलिम्पिक आणि जागतिक स्पर्धांचा निकष मात्र सर्वस्वी निराळा आहे.

हा निकष गेल्या दशकात झपाट्याने कडक झाला. रिओ २०१६ साठी पुरुषांची पात्रता वेळ अखेरीस २:१९:०० अशी शिथिल करण्यात आली होती. टोकियो ऑलिम्पिकसाठी ती २:११:३० झाली, तर पॅरिस २०२४ साठी २:०८:१०. महिलांचा निकष याच काळात २:४५:०० वरून २:२९:३० आणि पुढे २:२६:५० वर आला. यामागे दोन प्रमुख कारणे आहेत. जागतिक क्रमवारी लागू झाल्यानंतर सुमारे निम्म्याच जागा वेळेच्या आधारे भराव्यात, या हेतूने निकष मुद्दाम कठोर ठेवण्यात आले. दुसरे कारण म्हणजे २०१७ नंतर प्रचलित झालेले कार्बन पट्टीचे आणि जाड, हलक्या तळव्याचे बूट. त्यांच्यामुळे जगभरातील वेळा खाली आल्या.

भारतासाठी या बदलाचा अर्थ गंभीर आहे. रिओत टी. गोपी २:१५:२५ वेळेसह २५ वा आणि खेता राम अवघ्या एका सेकंदाच्या फरकाने २६ वा आला होता. त्याच वेळा पॅरिसच्या निकषापेक्षा सात मिनिटांहून अधिक संथ ठरतात. शिवनाथ सिंह यांनी १९७८ मध्ये जालंधर येथे नोंदवलेला २:१२:०० हा राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. तोही टोकियोच्या निकषाला ३० सेकंदांनी अपुरा पडला असता. नाशिक जिल्ह्याच्या कविता राऊत यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत २:३८:३८ वेळेसह सुवर्णपदक मिळवले आणि रिओ गाठले. पॅरिससाठी ही वेळ सुमारे बारा मिनिटे कमी पडली असती. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये एकही भारतीय धावपटू नव्हता. सैन्यदलाच्या पाठबळावर पूर्णवेळ सराव करणाऱ्यांना जे साधले नाही, ते हौशी धावपटूला साधेल काय?

याच्या उत्तरादाखल जपानच्या युकी कावाउची यांचे नाव हमखास घेतले जाते. सैतामा प्रांतातील शाळेच्या कार्यालयात पूर्णवेळ नोकरी करत त्यांनी २०१३ मध्ये सोल येथे २:०८:१४ अशी वेळ नोंदवली आणि २०१८ मध्ये बोस्टन मॅरेथॉन जिंकली. परंतु ते शालेय वयापासून धावत होते आणि हाकोने एकिदेन या जपानच्या प्रतिष्ठेच्या विद्यापीठीय शर्यतीतही उतरले होते. ते हौशी होते ते केवळ वेतनाच्या अर्थाने. विशेष म्हणजे नोकरीत असतानाची त्यांची ही सर्वोत्तम वेळदेखील पॅरिसच्या निकषापासून चार सेकंदांनी दूर राहते. २:०७:२७ ही कारकिर्दीतील सर्वोत्तम वेळ त्यांनी २०२१ मध्ये, व्यावसायिक धावपटू झाल्यानंतर नोंदवली.

शरीरशास्त्राचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. मॅरेथॉनमधील कामगिरी प्रामुख्याने तीन बाबींवर अवलंबून असते : शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, त्या क्षमतेचा किती हिस्सा दोन तास टिकवता येतो आणि ठरावीक वेगासाठी किती ऊर्जा खर्च होते. सरावाने या तिन्हींत सुधारणा होते. परंतु ही सुधारणा व्यक्तीगणिक बदलते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. शिवाय अव्वल धावपटू आठवड्याला १६० ते २०० किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक धावतात. इतका सराव पेलण्याची ताकद वर्षानुवर्षे घडत जाते आणि त्याला पुरेशी विश्रांतीही लागते. आठ-नऊ तासांची नोकरी करणाऱ्याला नेमकी तीच मिळत नाही.

तात्पर्य, तिशीत प्रथमच बूट बांधणाऱ्या धावपटूसाठी पुरुषांचा आंतरराष्ट्रीय निकष व्यवहारतः आवाक्याबाहेर आहे. किशोरवयापासून धावणाऱ्या, परंतु पोटासाठी नोकरी करणाऱ्या गुणवंतासाठी २०१६ पर्यंत उघडे असलेले दार आता किलकिलेच राहिले आहे. क्रमवारीचा मार्ग आहे. मात्र दर्जेदार शर्यतींत सातत्याने गुण मिळवण्यासाठी परदेश प्रवास, रजा आणि पैसा लागतो.

तरीही या दोन टोकांमध्ये एक पायरी उभी राहू शकते. अमेरिकेत ऑलिम्पिक निवड चाचणी मॅरेथॉनसाठी स्वतंत्र पात्रता वेळ असते. अटलांटा येथील २०२० च्या चाचणीसाठी महिलांना २:४५:०० ही वेळ पुरेशी होती. चारशेहून अधिक महिला त्यात पात्र ठरल्या आणि त्यांतील अनेक जणी पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या होत्या. ऑलिम्पिक संघात जागा केवळ तिघींनाच मिळाली. परंतु उरलेल्यांपुढे गाठता येण्याजोगे राष्ट्रीय उद्दिष्ट होते.

भारतात तीन तासांचा हौशी गट आणि सव्वादोन तासांचे सैन्यदलातील धावपटू यांच्यामध्ये अशी मोठी आणि मानाची पायरी दिसत नाही. ती उभारल्याने ऑलिम्पिकचे तिकीट हमखास मिळेल असे नाही. मात्र विद्यापीठातून बाहेर पडून नोकरीला लागलेला गुणी धावपटू पंचविशीतच स्पर्धात्मक धावणे सोडणार नाही, एवढे तरी त्यातून साधता येईल.