तबल्याची चाट

माणसाला स्वतःचा आवाज फार आवडतो, असे म्हणतात. ज्याने हे म्हटले त्याने तो ध्वनिमुद्रित करून ऐकलेला नसावा. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ही कोण चिरक्या आवाजाची बाई आपल्या घरात बोलते आहे, असेच मला वाटले. वीस वर्षे वर्गातली मुले हा आवाज मुकाट्याने ऐकत आली, या विचाराने त्यांच्याविषयीचा माझा आदर एकदम वाढला.

कारण मात्र साधे आहे. आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक वाट हवेतून कानाकडे, दुसरी आतल्या आत, कवटीच्या हाडांतून. हाडांची वाट खालच्या स्वरांना अधिक मानवते. म्हणून स्वतःच्या कानांपुरता प्रत्येकजण भारदस्त असतो! यंत्राला फक्त हवेची वाट ठाऊक. ते आपल्याला जगाच्या कानांनी ऐकवते.

हा उद्योग मी का आरंभला, ते सांगायला हवे. मी शिकवते मराठी, पण छंद पदार्थविज्ञानाचा. अकरावीला कलाशाखा घेतली आणि भावाची विज्ञानाची पुस्तके मात्र चोरून वाचीत राहिले. त्या चोरीचे फळ म्हणजे माझे पॉडकास्ट. पॉडकास्ट म्हणजे घरगुती आकाशवाणीच. केंद्रसंचालक, निवेदिका आणि शिपाई सगळे आपणच. दर पंधरवड्याला वीस मिनिटे मी बोलते. ऐकणारे शंभराच्या आत, त्यातही नातेवाईक किती हे मी मोजत नाही.

ध्वनिमुद्रण होते ते झोपण्याच्या खोलीत, कपड्यांचे कपाट उघडून, डोक्यावरून गोधडी घेऊन. उघड्या भिंतीवरून आवाज परत फिरतो आणि बोलणे विहिरीतून आल्यासारखे वाटते. गोधडीच्या धाग्यांत शिरलेली हवेची ती इवलीशी थरथर घासून घासून तिथेच विरते, तिची उष्णता होते. (गोधडीखाली मला जो घाम येतो त्याचे श्रेय ध्वनीला देता येणार नाही; एवढी उष्णता त्यात नसते.) परवा शेजारच्या काकू डोकावल्या आणि "वाफारा घेतेय वाटतं, घेऊ दे" म्हणून पाय न वाजवता परत गेल्या.

विषय मी घराबाहेरचे घेत नाही. माठ झाला, कुकर झाला. कुकरात दाबामुळे पाणी शंभराऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळते, हे सांगत असतानाच आमच्या कुकरने शिट्टी दिली. ती मी तशीच राहू दिली. या पावसाळ्यात पाळी आली तबल्याची, कारण तोही घरातलाच. माझे सासरे, अण्णा, निवृत्त झाल्यापासून भजनी मंडळात तबला वाजवतात.

तबल्याच्या पदार्थविज्ञानावर थेट चंद्रशेखर वेंकट रामन यांनी काम केले आहे. १९०७ ते १९१७ ही दहा वर्षे हा माणूस सरकारी हिशेबखात्यात नोकरी करीत होता आणि फावल्या वेळात प्रयोग. छंदवाल्यांना केवढा हा आधार! पुढे १९२० साली, आता प्राध्यापक झालेल्या रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर' नियतकालिकात आपल्या मृदंग-तबल्यावर लिहिले. साधे ताणलेले कातडे वाजवले की मूळ स्वराबरोबर आणखी वरचे स्वर निघतात, पण ते त्याच्या पूर्ण पटीत नसतात. पहिलाच मुळी सुमारे १.५९ पट असतो. त्यामुळे निघतो तो नुसता दणका. मधोमध शाईचा थर चढवला की त्या वजनाने हे बेशिस्त स्वर जवळजवळ दुप्पट, तिप्पट असे रांगेत उभे राहतात आणि कातडे सुरात बोलू लागते. हे गणित न मांडता ज्या कारागिरांनी ती शाई थरावर थर देऊन घोटली, त्यांची नावे कोणत्या नियतकालिकात शोधावीत?

तो भाग अण्णांनी कानाला हेडफोन लावून, आवाज मोठा करून, दोनदा ऐकला. मग म्हणाले, "सूनबाई, सांगितलंस छान. पण नुसती शाई चांगली असून भागत नाही. आमच्या तबल्याची चाट बघ, पार बोथट झालीय. दोनदा पुडी बदलून आणली, फरक नाही. हल्ली माल तसा येत नाही."

त्यांनी बोट मारून 'ना' वाजवून दाखवला. मला तो खणखणीत ऐकू आला.

अण्णांच्या कानांविषयी आमच्या घरात एक सिद्धांत रूढ होता. तो सासूबाईंचा. "यांना हवं तेवढंच ऐकू येतं." पुरावाही भक्कम होता. सासूबाईंनी चहासाठी तीन हाका मारल्या तरी ओ मिळत नसे, पण आमचे 'हे' बाहेरच्या खोलीत खालच्या पट्टीत विजेच्या बिलाचा आकडा बोलले की अण्णा म्हणणार, "एवढं कसं आलं?"

या सिद्धांताला दुसरे स्पष्टीकरण आहे. कानाच्या आत शंखासारखी वळणे घेतलेली एक नळी असते, आणि तिच्यात केसासारखे तंतू असलेल्या पेशी. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी, खालचे स्वर टिपणाऱ्या आत खोल. वयाबरोबर तोंडाशी असलेल्या आधी झिजतात, आणि झिजल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आता आपले बोलणे पाहा. आ, ओ हे स्वर खालचे आणि जोरकस. स, श, फ, थ ही व्यंजने वरची आणि दुबळी. व्यंजने स्वरांच्या आधाराने उभी राहतात, असे मी दरवर्षी वर्गात सांगते. व्यंजने गेली तर स्वरांचे काय होते, हे व्याकरणात नाही. 'सात', 'भात', 'हात' सगळ्यांचा एक 'आ' उरतो. आणि ओरडून उपयोग नाही, कारण ओरडण्याने फुगतो तो स्वर. व्यंजन बिचारे जवळपास तिथेच राहते. "ओरडू नकोस, नीट बोल" हे अण्णांचे पालुपद सासूबाईंना उद्धटपणाचे वाटे. ते शास्त्राला धरून होते.

ध्वनिमुद्रणाच्या यंत्रणेत चाळणीची सोय असते. मी सासूबाईंची संध्याकाळची हाक टिपून घेतली, "सात वाजले, चहा घेताय का?" आणि सेकंदाला दोन हजारांच्या वरची सगळी कंपने गाळून टाकली. तबल्याच्या 'ना'चेही तसेच केले. रात्री जेवणे झाल्यावर हाक आधी सासूबाईंना ऐकवली.

"हे कोण? तोंडात बोळा कोंबून बोलल्यासारखं?"

"आई, तुम्हीच. अण्णांना साधारण असं ऐकू येत असावं."

त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितले. मग आणखी एकदा. काही बोलल्या नाहीत.

अण्णांना मी तबल्याचे दोन्ही तुकडे ऐकवले. मूळचा आणि चाळलेला. आम्हा तिघांना दोहोंतला फरक काच आणि लाकूड यांच्याइतका स्पष्ट होता. अण्णांनी लक्ष देऊन ऐकले, मान हलवली आणि म्हणाले, "दोन्ही एकच आहे की."

कोणीच काही बोलेना. ते आमच्या तोंडांकडे पाहत राहिले. हिशेब त्यांचा त्यांनीच केला.

"म्हणजे त्या पुडीवाल्याला मी उगीच बोललो," ते म्हणाले.

सासूबाई उठल्या, खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसल्या आणि एकेक शब्द सोडवीत म्हणाल्या, "दूध. गरम. करून. देऊ?"

"दे. थोडी साखर घाल," अण्णा लगेच म्हणाले.

आमच्या गल्लीत फटाके सुरू झाले आहेत. सुतळी बॉम्बला अण्णा तुमच्याआमच्यासारखेच दचकतात. फुलबाजीची सरसर मात्र त्यांच्यापर्यंत पोचत नाही. कानात यंत्र घालायला ते अजून राजी नाहीत. तपासणीला येतो म्हणाले आहेत, भाऊबीज झाल्यावर. जाताना रिक्षात तबलाही घ्यायचा आहे. तपासणीच्या खोलीतल्या शिट्ट्यांवर त्यांचा भरवसा नाही. चाट ऐकू आली तरच यंत्राचे पुढे बोलू, असे त्यांनी बजावून ठेवले आहे.