टायर फुटला, की फोडला?

भाऊबीजेला नाशिकला किंवा नगरला निघालेली मोटार वाटेत अडकली, की उशिरा पोहोचल्यावर सांगायला एक वाक्य तयार असते : “टायर फुटला हो!” हे वाक्य अशा सुरात उच्चारले जाते, की जणू आकाशातून वीजच कोसळली. ऐकणारी ताई हळहळते आणि फराळाचे ताट पुढे करते. टायर का फुटला, हे मात्र कोणी विचारीत नाही. आज तेवढेच विचारू या.

मुंबई-ठाण्याच्या मोटारवाल्या मंडळींना शहापूर आणि मुरबाड हे तालुके सहसा चुकत नाहीत. नाशिकचा रस्ता शहापुरावरून कसाऱ्याच्या घाटात चढतो. कल्याणहून निघालेला नगरचा रस्ता मुरबाड, सरळगाव, टोकावडे करीत माळशेजला भिडतो. किन्हवलीचा आडरस्ता या दोहोंना जोडतो. त्यात ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला, तोही शहापूर तालुक्यातूनच जातो. म्हणजे पावसाळ्याने उखडलेल्या आडरस्त्यावर आपटलेला टायर त्याच दिवशी घाटात तापतो आणि मग काँक्रीटवर भरधाव पळतो. खड्ड्यातला मार खड्ड्यात कळत नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीतले धागे आत तुटतात आणि वर एक लहानसा फुगवटा येतो. असा फुगवटा दिसला, तर त्याला ठिगळ नाही. तो टायर बदलायचाच.

परंतु खड्ड्यांपेक्षाही मोठा शत्रू म्हणजे कमी हवा. धडधाकट टायरमधूनही महिन्याकाठी एखादा पौंड हवा निघून जाते. हवा कमी झाली, की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची भिंत जास्त वाकते. तार पुन्हा पुन्हा वाकवली, तर ती वाकते तिथे गरम होते ना? तसेच हे. वेग जितका अधिक, तितके वाकणे अधिक. त्यात पाच माणसे, दोन ट्रंका आणि चकल्यांचे डबे! शेवटी रबर आतल्या धाग्यांपासून सुटते आणि टायर जातो. खिळा नाही, काच नाही. मग नशिबाला बोल लावायचा.

हवा तपासण्याचीही एक वेळ असते. शहापूरच्या नाक्यावरच्या जाणत्या पंक्चरवाल्याला विचारून पाहा.

“दादा, जरा हवा बघा.”

“कुठून आलात साहेब?”

“डोंबिवलीहून.”

“मग अगोदर चहा घेऊन या. टायर निवू द्या.”

त्याचे म्हणणे सोळा आणे खरे. धावून तापलेल्या टायरमध्ये हवेचा दाब चार-पाच पौंडांनी सहज चढतो. ‘छत्तीस झाली, जास्त आहे’ म्हणून त्या वेळी हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे मुरबाडच्या गारठ्यात तोच टायर मवाळ पडलेला असतो. तेव्हा हवा बघायची ती निघण्यापूर्वी, टायर थंड असताना. किती भरायची, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. पुष्कळ गाड्यांत भरल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, दिवाळीच्या प्रवासाला तोच धरावा. टायरवर छापलेला आकडा हा कमाल दाबाचा, तो भरायचा नव्हे. नायट्रोजनचे म्हणाल, तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे. पैसे असल्यास जरूर भरा, पण मापक लावण्याचे काम त्याने टळत नाही.

टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी राहिल्या, तर तो मोटारीला चालत नाही, असा कायद्याचा नियम आहे. मोजपट्टी नको, खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले, की टायर संपला. आणि दोनच नवे टायर घ्यायचे असले, तर ते मागे बसवावेत. पुष्कळांना हे उलटे वाटते. पण ओल्या वळणावर मागची चाके घसरली, तर गाडी गर्रकन फिरते आणि नवख्याला ती सावरत नाही.

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. टायर फुटला, असे चालकाने सांगितले. परिवहन अधिकाऱ्यांच्या प्राथमिक अहवालात मात्र टायर फुटल्याची खूण मिळाली नाही. टायर असा दोन्हीकडून बदनाम. फुटला तर दैव, न फुटला तरी निमित्त!

खरोखरच फुटला, तर पहिला मोह होतो ब्रेकवर पाय मारण्याचा. तो आवरावा. चाक दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, पाय हळूहळू उचलावा आणि वेग उतरला, की डावीकडे घ्यावे. मंडळींना रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे उभे करावे. मुलांना गाडीत ठेवून जॅक लावू नये.

राहता राहिली स्टेपनी. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे १९०४ च्या सुमारास जादा चाके बनू लागली. आपल्याकडे मात्र ती सामानाखाली गाडलेली असते आणि तिची हवा बघायचे कोणाला सुचत नाही. काही गाड्यांत ती बारीक चाकाची असते. ती लावून ताशी ८० च्या वर जायचे नसते. काही नव्या गाड्यांत तर ती नसतेच, नुसता पंक्चरचा संच असतो. तेव्हा फराळाचे डबे रचण्यापूर्वी डिकीत नेमके काय आहे, ते एकदा उघडून बघावे.