समुपदेशकाच्या निवडीत विद्यार्थ्यांचे मत का नको?

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थेने बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सुकदेब साहा प्रकरणात बजावले. या आदेशाने पदे भरली जातील. परंतु समुपदेशकाच्या खोलीचे दार विद्यार्थी ठोठावतील का, हा प्रश्न उरतोच.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. याच प्रमाणाने हजार विद्यार्थ्यांच्या शाळेत ही संख्या सत्तरच्या पुढे जाते. त्यांतील बहुतेक गप्प असतात. समुपदेशकाला सांगितलेले मुख्याध्यापकांच्या कानावर जाईल, ही त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही. पदवी निवड समितीला तपासता येते. विश्वास वाटतो की नाही, हे मुलेच सांगू शकतात.

म्हणून निवडीच्या प्रक्रियेत त्यांना स्थान हवे. ही मागणी परकी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातील बारावे कलम मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देते, आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. कर्नाटकातील ग्रामपंचायती मुलांच्या ग्रामसभाही भरवतात. मग शाळेनेच मागे का राहावे?

यावर आक्षेप आहेत आणि ते गंभीर आहेत. इंग्लंडमधील अनेक शाळांत शिक्षक निवडताना विद्यार्थी मुलाखत घेतात. उमेदवारांना अवमानकारक प्रश्न विचारले गेल्याची तक्रार तेथील एका मोठ्या शिक्षक संघटनेने २०१० मध्ये केली होती. लोकप्रिय उमेदवार हा सक्षम असतोच असे नाही. तेव्हा क्रम स्पष्ट असावा. पात्रता, पार्श्वभूमी आणि बालसुरक्षेची पडताळणी तज्ज्ञांनी आधी करावी. त्यातून उरलेल्या उमेदवारांशीच विद्यार्थ्यांनी, पूर्वतयारी करून, ठरलेल्या प्रश्नांच्या आधारे बोलावे. त्यांचे लेखी मत समितीने विचारात घ्यावे आणि ते डावलल्यास कारण नोंदवावे. अंतिम निर्णय व उत्तरदायित्व प्रौढांचेच राहील. गटात केवळ वर्गप्रमुख आणि गुणवंत नकोत. चिठ्ठ्या टाकून निवड व्हावी. कोणालाही स्वतःचा अनुभव उघड करावा लागू नये.

या प्रयोगासाठी म्हैसूर सुयोग्य आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची १९६३ मध्ये स्थापन झालेली प्रादेशिक शिक्षण संस्था येथे आहे. तिच्या आवारात डेमॉन्स्ट्रेशन शाळा आहे आणि परिषदेच्या समुपदेशन पदविकेचे केंद्रही तेथेच चालते. समुपदेशक घडवणे आणि मुले शिकवणे एकाच आवारात होत असेल, तर निवडीचा आराखडा तेथेच तयार व्हावा. कन्नड, उर्दू, तमिळ बोलणारी मुले या शहरात एकत्र शिकतात. उमेदवार कोणत्या भाषेत ऐकून घेईल, हा प्रश्न त्यांनाच आधी सुचेल.

जेथे भरती स्पर्धा परीक्षेने होते, तेथे मुलाखतीला वाव नसतो. तेथे परिवीक्षा काळाच्या अखेरीस विद्यार्थ्यांचे निनावी मत घेता येईल. कंत्राटी वा अर्धवेळ नेमणुकांत मात्र ही अडचणही नाही.

न्यायालयाने संस्थांवर कर्तव्य टाकले आहे. ते कागदोपत्री पार पाडणे सोपे आहे. ज्यांच्यासाठी हे पद आहे त्यांना न विचारता ते भरले, तर खोलीवर पाटी लागेल आणि आत कोणी येणार नाही.